मागचा अर्धा

डेपोच्या कागदावर तिचं नाव जोडबस.
घणसोलीच्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी ठेवलं : गोम.
पुढच्या अर्ध्यात तडवी, मागच्या अर्ध्यात मी,
मध्ये काळा रबरी भाता,
वळणावर एका कुशीत मिटणारा, दुसऱ्या कुशीत उघडणारा.

घरत ड्रायव्हर मला दिसायचा नाही.
अठरा मीटरची गाडी. एवढ्या लांबून
माणसाचा स्वभाव फक्त ब्रेकमधून कळतो.
मी त्याला घंटीतून कळायचे :
एक दिली की थांब, दोन दिल्या की चल,
तीन म्हणजे गाडी फुल्ल, थांब्याकडे बघूसुद्धा नकोस.
चार आम्हीच ठरवलेल्या, नियमात नसलेल्या :
मागच्या दारात कुणी म्हातारं चढतंय,
जरा दम धर.

मागच्या अर्ध्यात सगळं उशिरा येतं.
गतिरोधक, वळण, विनोद,
पुढे भांडण झालं तर त्यातली शेवटची शिवी.
पुढच्यांनी कोपरखैरणे केव्हाच सोडलेलं,
आम्ही अजून नाक्यावर, सुट्ट्या पैशांत.

जोडावर गोल पत्रा होता, तव्यासारखा.
इथे उभे राहू नये, असं लिहिलेलं,
म्हणून सगळे तिथेच.
नर्सिंगची एक मुलगी, रेश्मा तांडेल,
एक पाय पुढे, एक पाय मागे ठेवून
हाडांची नावं पाठ करायची.
वळण आलं की पाय आपोआप फाकायचे
आणि पुस्तकातून मान वर न काढता
ती म्हणायची : सांधा.

बोनकोड्याच्या वळणावर पोशीबायची टोपली.
मांदेली, बोंबील, ओल्या गोणपाटाखाली निवट्या.
ट्रायलच्या आठवड्यात साहेब टेप घेऊन आले.
पुढची चाकं जातात तिथून मागची जात नाहीत,
मागची कोपरा चोरतात,
हे त्यांनी खडूनं रस्त्यावर काढून दाखवलं.
खडूची रेघ गेली बरोबर टोपलीतून.

कुणी काही बोललं नाही.
गाडी रिव्हर्स घ्यायची सोय नव्हती;
मागे घ्यायला गेलं की मागचा अर्धा
रुसलेल्या व्याह्यासारखा भलतीकडे तोंड करतो.
पोशीबायनं रेघ बघितली, मग गाडी बघितली,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश,
जाळ्यातली मासळी मोजावी तशी.
तिची सासू बसायची तेव्हा हा कोपरा नव्हता, खाजणाचा बांध होता.
"कनाला आनलाव रं हा अजगर?" म्हणाली.
"माना काय, मी दोन ईत मांगं सरकतंय."
आणि सरकली.

चौदा महिने चालली गोम.
मग भात्याला चीर गेली.
पार्ट बाहेरून यायचा होता. आला नाही.
तुर्भ्याच्या कुशन शिवणाऱ्याकडून रेक्झिन शिवून घेतलं,
ते पाम बीचच्या वाऱ्यानं तीन दिवसांत फाडलं.
आता ती डेपोच्या भिंतीला लागून उभी आहे,
कमरेत वाकलेली. शेवटचं वळण
सरळ करायचं राहून गेलं.

मला छोटी गाडी मिळाली, बॅटरीवरची, आवाज न करणारी.
घरतच आहे ड्रायव्हर. समोर, चार सीटांवर.
त्याच्या मानेवर तीळ आहे.
इतक्या दिवसांत माहीत नव्हतं.
तो आरशात बघून विचारतो, "निघू?"
माझा हात दोरीकडे जातो,
दोरी नसते.
मान हलवायची अजून सवय नाही.

काल बोनकोड्याला वळलो.
रस्ता मोकळा, गाडी आखूड, खडू केव्हाच पुसलेला.
पोशीबाय अजून दोन वीत मागेच.
तिच्या पुढची जागा रिकामी, कोरडी,
तिथे कुणी स्कूटरसुद्धा लावलेली नाही.

मी खिडकीतून ओरडले,
अगं, सरक की पुढे आता!

तिनं बोंबलांवर पाणी शिंपडलं,
आमच्या गाडीच्या मागे, वळणाकडे बघितलं,
आणि म्हणाली,
"थांब गो. मांगचा अरदा येवदे आदी."